मनगटावरचे लॅव्हेंडर आणि चंदन : सोलापूरच्या हवेतील एक पडताळणी

लॅव्हेंडर आणि चंदन हे दोन गंध एकाच कुपीत विकले जातात, तेव्हा ते एकाच वेळी दरवळतील अशी आपली समजूत होते. त्वचेवर मात्र ते एकापाठोपाठ येतात, आणि दोघांची गाठ पडते ती मधल्या थोड्या वेळापुरती. हा मधला वेळ सोलापूरच्या कोरड्या, तापलेल्या हवेत किती टिकतो आणि तो लांबवता येतो का, हे पाहण्यासाठी मी गेल्या उन्हाळ्यात दोन्ही गंध वेगवेगळे आणले, ते एकावर एक लावले आणि पुढे पावसाळा व थंडीतही हा उद्योग चालू ठेवला. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे वेळ लिहून ठेवण्याची सवय हाताला होती. सुगंधाचा माझा अनुभव मात्र लग्नकार्यातील अत्तराचा फाया आणि देवघरातील उगाळलेले गंध एवढ्यापुरताच होता.

निमित्त घडले ते एका सहकारी मैत्रिणीच्या तक्रारीमुळे. तिने लॅव्हेंडर आणि चंदन असे लिहिलेली एक तयार स्प्रेची बाटली घेतली होती, आणि सकाळी घरी फवारलेले लॅव्हेंडर सात रस्ता चौकापर्यंत येईतो नाहीसे होते, असे तिचे म्हणणे होते. बाटलीत खोट आहे की हवेत, असा तिचा प्रश्न होता. त्वचेच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा ४० अंशांच्या वर जाते, म्हणजे बाहेर पडल्यावर अंगाला हवेची आच लागत राहते. थंड देशांतील लोक लॅव्हेंडरच्या टिकाऊपणाविषयी जे तास सांगतात ते येथे लागू पडण्याचे कारणच नाही, हे तर्काने कळत होते. पण तर्काने कळलेली गोष्ट मनगटावर कशी दिसते, हे पाहायचे होते.

तयार बाटलीत काय आणि किती आहे हे कळत नसल्यामुळे दोन्ही घटक स्वतंत्रपणे मिळवणे आवश्यक होते. चंदनासाठी मी विजापूर वेशीकडे गेले. रमजानमध्ये तेथे मीना बाजार भरतो तेव्हा त्या रस्त्यावरून चालणेही कठीण होते. इतर दिवसांत अत्तराच्या दुकानात निवांत बसता येते. दुकानातील वयस्कर चाचांना मी खरे चंदन मागितले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "खरं म्हणजे किती खरं, ताई?" आणि तीन कुप्या समोर ठेवल्या. पहिलीचा वास टोपण काढताच दुकानभर पसरला. दुसरी सौम्य होती. तिसऱ्या कुपीत मला आधी जवळपास काहीच जाणवले नाही. चाचांनी तिन्हींचे थेंब माझ्या हातावर वेगवेगळ्या ठिकाणी लावले आणि म्हणाले, "आत्ता ठरवू नका. घरी जावा, जेवण करा, मग हात हुंगा. आवडलं तर उद्या या." विक्रेत्याने गिऱ्हाईक परत पाठवावे, हे पाहून मला त्यांच्याविषयी विश्वास वाटला, आणि त्यांचा सल्ला रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक होता. दुपारनंतर पहिल्या थेंबाच्या जागी एक गुळगुळीत, साबणासारखा वास उरला होता, तर तिसऱ्या थेंबाच्या जागी दुधाळ, किंचित लोण्यासारखा आणि लाकडाचा कोरडेपणा असलेला गंध नुकता कुठे मोकळा होत होता. दुसऱ्या दिवशी मी तिसरी कुपी घेतली. तोळ्याचा भाव ऐकून अर्थातच तोळाभर घेतले नाही.

या महागाईला कारण आहे. चंदनाचे तेल झाडाच्या गाभ्यातील लाकडात आणि मुळांत असते. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वास नसतो. झाड अर्धपरोपजीवी आहे, म्हणजे त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांतून पोषण घेतात, आणि गाभा भरण्यासाठी त्याला अनेक वर्षे लागतात. पूर्वी म्हैसूर संस्थानातील लाकूड गाळण्यासाठी युरोपात जात असे. १९१४ साली महायुद्ध सुरू होऊन ती वाट बंद झाल्यावर १९१६ साली म्हैसूरला संस्थानाचा स्वतःचा तेल गाळण्याचा कारखाना उभा राहिला. कनौजच्या परंपरेत तर गुलाब, मोगरा, केवडा यांची वाफ थेट चंदनाच्या तेलातच उतरवून घेत असत, आणि म्हणून जुन्या अर्थाने अत्तर म्हटले की त्याच्या तळाशी चंदन असायचेच. आता किंमत परवडत नसल्यामुळे त्या जागी पातळ पॅराफिनसारखी गंधहीन द्रव्ये येतात. माझ्या पडताळणीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, उडून जाणाऱ्या फुलाच्या गंधाला चंदनाचा तळ देणे ही कल्पना आपल्या अत्तरवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली आहे. लॅव्हेंडर तेवढे परके फूल.

घरी सासूबाईंचा या साऱ्या उद्योगावर पहिल्यापासून आक्षेप होता. देवघरात सहाण आहे, खोड आहे, मग विकतचे कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या समाधानासाठी आणि माझ्या कुतूहलासाठी मी एका मनगटावर उगाळलेले गंध आणि दुसऱ्यावर कुपीतील तेल लावून तुलना केली. उगाळलेल्या गंधात पाणी भरपूर आणि तेल अत्यल्प असते. ओले असेपर्यंत त्याला थंड, मातकट, स्वच्छ वास येतो, आणि वाळल्यावर नाक टेकवल्याशिवाय काही कळत नाही. तेलाचा गंध त्याहून कितीतरी घट्ट आणि गोडसर असतो. येथे एका समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. चंदन थंड असते, असे आपण म्हणतो, आणि पंढरपुरात विठ्ठलाला गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत चंदनउटी लावतात ती उन्हाळ्याच्या दाहासाठीच. उटीचा गारवा त्वचेवर खराच जाणवतो, पण तो मुख्यतः तिच्यातील पाणी वाळताना उष्णता शोषून घेते म्हणून. कुपीतील तेल लावल्यावर त्वचा गार होत नाही, आणि उन्हाळ्यात ते थंडाव्यासाठी लावायचे म्हणून कोणी विकत घेतले तर त्याची निराशा होईल. सासूबाईंना हे स्पष्टीकरण पटले नाही, एवढे नोंदवून पुढे जाते.

लॅव्हेंडरचे तेल जम्मूकडे गेलेल्या नातेवाइकांनी भद्रवाहहून आणून दिले. डोडा जिल्ह्यातील या भागात गेल्या काही वर्षांत मक्याच्या शेतांत लॅव्हेंडर लावले गेले असून, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या जम्मू येथील संस्थेने अरोमा मिशनखाली शेतकऱ्यांना रोपे आणि तेल गाळण्याची यंत्रे पुरवली. लॅव्हेंडर घेताना एक फरक ठाऊक असावा. अस्सल लॅव्हेंडरमध्ये कापराचा अंश अगदी थोडा, साधारण एक टक्क्याच्या आत असतो. लॅव्हॅंडिन नावाची संकरित जात अधिक तेल देते, स्वस्त पडते, पण तिच्यात कापूर कित्येक पटींनी जास्त असल्यामुळे तिचा वास औषधी, नाकात चढणारा येतो. आपल्याकडे लॅव्हेंडर म्हटले की अनेकांना फरशी पुसण्याचे द्रव आठवते, त्याला निव्वळ या कापराचा आणि स्वस्त कृत्रिम गंधाचा दोष आहे. भद्रवाहच्या तेलात कापराची झलक होती, पण तिच्यामागे फळासारखी गोडी आणि चुरगळलेल्या हिरव्या पानाचा ताजेपणा स्पष्ट होता.

त्वचेकडे वळण्यापूर्वी दोन्ही तेले मी गाळणकागदाच्या पट्ट्यांवर तपासली. लॅव्हेंडरचा थेंब पंख्याशिवाय, सावलीत काही तासांत उडून गेला आणि कागदावर तेलकट डाग राहिला नाही. डाग राहिला असता तर त्यात न उडणारे तेल मिसळले आहे असा संशय घ्यावा लागला असता. चंदनाच्या पट्टीचा वास कपाटात कित्येक दिवसांनंतरही येत होता. ही चाचणी चंदनाची शुद्धता मात्र सिद्ध करत नाही, कारण चंदन स्वतःच जड आणि मंद उडणारे तेल आहे, आणि त्यात मिसळलेले पॅराफिनही तसेच पडून राहते. तेथे नाक आणि दुकानदाराची नियत यांवरच भिस्त ठेवावी लागते.

गाळलेली तेले थेट त्वचेवर लावू नयेत, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. अत्तरवाले चंदन तसेच लावतात आणि ते बहुतेकांना सोसते. लॅव्हेंडरच्या बाबतीत सावध राहावे. त्यातील लिनॅलूल हा घटक हवेशी संयोग पावून अशी द्रव्ये बनवतो की ज्यांनी काही जणांच्या त्वचेला पुरळ आणि खाज येते, म्हणून जुने, अर्धवट रिकाम्या बाटलीतील लॅव्हेंडर ताज्यापेक्षा अधिक त्रासदायक ठरू शकते. युरोपात सुगंधी उत्पादनांच्या वेष्टनावर लिनॅलूलचे नाव छापणे याच कारणासाठी बंधनकारक आहे. मी जोजोबाच्या जवळपास गंधहीन तेलात लॅव्हेंडर मिसळले. दहा मिलिलिटरला चार थेंब, म्हणजे अदमासे दोन टक्के. ते कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहिली आणि लाली आली नाही, तेव्हा पुढे गेले. नारळाचे तेल यासाठी वापरू नये, कारण त्याचा स्वतःचा वास चंदनाच्या दुधाळपणात मिसळतो आणि नंतर कोण काय बोलते आहे ते समजेनासे होते. करडईचे घाण्याचे तेल तर आपल्या भागात सहज मिळते, पण ते लावले की स्वयंपाकघराची आठवण सुटत नाही.

आता प्रत्यक्ष अनुभव. सकाळी आंघोळीनंतर, पंखा बंद ठेवून, डाव्या मनगटावर चंदनाचा सुईच्या टोकाएवढा थेंब पसरला, तो पाच मिनिटे बसू दिला आणि त्यावर लॅव्हेंडरचे मिश्रण लावले. पहिल्या काही मिनिटांत चंदन अस्तित्वातच नसल्यासारखे असते. लॅव्हेंडर वर येते ते धारदार होऊन, आधी कापराची लहर, मग हिरवेपणा, आणि त्यानंतर एक गोडसर, स्वच्छ, इस्त्रीच्या कपड्यांसारखा भाग. माझे यजमान जवळून गेले आणि "सलूनमध्ये बसल्यासारखं वाटतंय" म्हणाले. हा शेरा चुकीचा नव्हता. उबिगां या फ्रेंच सुगंधगृहाने १८८२ साली काढलेल्या 'फुजेर रॉयाल'मध्ये लॅव्हेंडर, ओकच्या झाडावरील दगडफूल आणि कुमॅरिन हे वाळलेल्या गवतासारख्या वासाचे द्रव्य यांचा मेळ होता, आणि तो पुढे पुरुषांच्या साबणांत व दाढीच्या फेसात इतका रुळला की लॅव्हेंडरचा पहिला झोत आजही अनेकांना केशकर्तनालयात नेतो. या टप्प्यावर कोणी मत बनवले तर ते लॅव्हेंडरपुरतेच असते.

सुमारे दहा मिनिटांनी कापूर ओसरतो. वीस मिनिटांच्या आसपास, एप्रिलच्या सकाळी, ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तो टप्पा सुरू होतो. लॅव्हेंडरची धार गेलेली असते आणि त्याची गोडी उरलेली असते; खालून चंदन वर येऊ लागते, पण त्याचे लाकूडपण अजून जाणवत नाही, फक्त एक मऊपणा जाणवतो. दोन्ही मिळून जो गंध होतो त्याला मी वाळलेल्या गवताचा, सायीचा आणि कुठेतरी मधाचा म्हणेन. वेगवेगळे हुंगले असता यांतील कोणताही भाग दोघांपैकी एकातही इतका स्पष्ट सापडत नाही. वास हातभर अंतरावरून येण्याऐवजी वीतभर अंतरावर येऊन थांबतो. माझ्या मते या जोडीची सारी किंमत या टप्प्यात आहे, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तो उघड्या मनगटावर अर्धा-पाऊण तासाच्या पलीकडे क्वचित जातो. त्यानंतर लॅव्हेंडर निघून जाते, आणि उरते ते एकटे चंदन, तेही इतके अंगालगत की ते आहे की नाही याची शंका यावी.

असे का होते, हे वर्गात शिकवण्यासारखे आहे. लॅव्हेंडरमधील लिनॅलूलचे रेणूवस्तुमान १५४ आणि उत्कलनबिंदू १९८ अंश, त्यातीलच दुसरा घटक लिनॅलिल ॲसिटेट, त्याचे रेणूवस्तुमान १९६. चंदनातील सँटॅलॉलचे २२०, आणि त्याचा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या आसपास. वस्तुमानातील फरक थोडा वाटतो, पण बाष्पदाबात, म्हणजे वाफ होऊन उडण्याच्या ओढीत, तो फार मोठा होतो, आणि तापमान वाढले की दोघांचाही उडण्याचा वेग वाढत असला तरी लॅव्हेंडरचा साठा आधी संपतो. मात्र द्रावणातील घटकाचा बाष्पदाब त्याच्या मोल अपूर्णांकाच्या, म्हणजे एकूण रेणूंतील त्याच्या वाट्याच्या, प्रमाणात कमी होतो, हा राउल्टचा नियम येथे आपल्या बाजूने उभा राहतो. लॅव्हेंडर चंदनाच्या आणि जोजोबाच्या थरात विरघळलेले असेल, तर ते एकट्याने जितक्या वेगाने उडाले असते त्यापेक्षा सावकाश उडते. म्हणूनच मी एका हाताला चंदन आणि दुसऱ्या हाताला लॅव्हेंडर अशी तुलनाही करून पाहिली. दोन्ही मनगटे नाकाजवळ आणल्यावर दोन्ही वास येतात, पण लॅव्हेंडर आधी संपते आणि तो गवत-सायीचा टप्पा जवळपास येतच नाही. दोघांचा एकाच जागी संपर्क असणे आवश्यक आहे.

क्रम उलटा केला, म्हणजे आधी लॅव्हेंडर आणि वर चंदन, तेव्हा पहिली धार बरीच मऊ झाली, पण मधला टप्पा फारसा लांबला नाही. ज्यांना कापराचा झोत नकोसा वाटतो त्यांनी हा क्रम पाहावा. मला स्वतःला तो झोत आवडतो. त्याच्याशिवाय पुढचा मऊपणा कळत नाही. खरा फरक पडला तो त्वचेची कोरड काढल्यावर. आपल्याकडे उन्हाळ्यात हाताची त्वचा नखाने ओढले तर पांढरी रेघ उमटेल इतकी सुकते, आणि अशा त्वचेवर कोणतेही अत्तर टिकत नाही. पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवून त्यावर चंदन आणि मग लॅव्हेंडर लावले, तेव्हा मधला टप्पा तासाच्या पुढे गेला. जागेचाही परिणाम होतो. मनगट सतत उघडे, हलते आणि धुतले जाणारे असते. कोपराच्या आतल्या खोबणीत, बाहीखाली, दोन्ही गंध अधिक वेळ एकत्र राहिले, आणि हात दुमडला-उलगडला की थोडे थोडे बाहेर आले. मनगटे एकमेकांवर घासण्याची जी सवय असते तिने रेणू मोडत नाहीत, पण घर्षणाने ऊब वाढते आणि वरचा, हलका भाग लवकर निघून जातो. लॅव्हेंडरच्या बाबतीत तेवढेही नुकसान परवडत नाही.

स्वतःच्या नाकावर किती विसंबावे, हा या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत अवघड प्रश्न निघाला. सँटॅलॉलसारखा मंद गंध सतत नाकापाशी असला की थोड्याच वेळात नाक त्याची दखल घेणे थांबवते. मला चंदन संपल्यासारखे वाटले, आणि त्याच वेळी स्टाफरूममध्ये शेजारी बसलेल्या मॅडमनी "कुठून तरी उदबत्तीसारखा छान वास येतोय" असे म्हटले, असे अनेकदा घडले. कॉफीच्या बिया हुंगून नाक ताजे होते, असा एक प्रघात आहे. त्याहून मोकळ्या हवेत दोन मिनिटे उभे राहणे किंवा स्वतःची न अत्तरलेली बाही हुंगणे यांचा उपयोग कमी नाही. काही लोकांना चंदनाचे काही रेणू मुळातच जाणवत नाहीत, हेही खरे. म्हणून मी लॅव्हेंडरच्या वेळा स्वतःच्या नाकाने घेतल्या, पण चंदनाच्या वेळा घरातील इतरांना हात दाखवून घेतल्या. सासूबाई यात सर्वांत काटेकोर ठरल्या. संध्याकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकताच त्या विचारत, "अजून वास यायलाय की गं, धुतली नाहीस व्हय?" त्यांच्या नोंदी माझ्यापेक्षा दोन तासांनी पुढच्या असत.

दुपारचा भाग कमी रम्य आहे. कॉलेज सुटल्यावर दुचाकीवरून होटगी रस्त्याने घरी येईपर्यंत मनगटावर घामाचे मीठ बसलेले असते. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळपास नसतो. तो त्वचेवरील जिवाणूंमुळे नंतर येतो, आणि त्या आंबूस वासावर चंदन बसले की त्याचा दुधाळपणा खवट भासू लागतो. काखेच्या जवळ किंवा मानेच्या घामट भागावर म्हणून हे मिश्रण लावू नये. दुपारी पुन्हा लावायचे असल्यास आधी ती जागा साध्या पाण्याने धुऊन पुसून घेतली, तरच दुसरी फेरी पहिलीसारखी होते. जुन्या थरावर नवे लॅव्हेंडर चढवले तर कापूर, मीठ आणि चंदन यांचा जो चिखल होतो तो कोणालाही आवडणार नाही.

पावसाळ्यात, जूनचे पहिले पाऊस पडून हवा दमट झाल्यावर, लॅव्हेंडरचा हिरवा भाग अधिक दूरवर जाणवला, कारण दमट हवेत नाकही कोरडे राहत नाही. थंडीत चित्र बरेच पालटले. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या दिवसांत, संध्याकाळी यात्रेत फिरताना, स्वेटरच्या बाहीखाली लॅव्हेंडर दीड-दोन तास ओळखता येत होते आणि मधला टप्पा निवांत उलगडत होता. चंदन मात्र थंडीत इतके मागे राहिले की माझ्याशिवाय कोणाला ते कळले नाही. ही जोडी ऋतूनुसार आपला तोल बदलते, त्यामुळे उन्हाळ्यात चंदन कमी आणि लॅव्हेंडर किंचित जास्त, थंडीत याच्या उलट, असे प्रमाण मी आता ठेवते.

मैत्रिणीच्या तयार बाटलीचीही तुलना केली. त्यात मद्यार्क असल्यामुळे पहिले अर्धे मिनिट नाक दूर ठेवावे लागते. तिच्यातील लॅव्हेंडर माझ्याइतक्याच वेळात, किंवा थोडे आधीच, गेले. चंदन मात्र माझ्या कुपीपेक्षा कितीतरी मोठ्याने आणि थेट संध्याकाळपर्यंत बोलत राहिले. अशा स्प्रेंमध्ये चंदनाचा परिणाम बहुधा जावानॉल, इबॅनॉल यांसारख्या कृत्रिम रेणूंनी साधलेला असतो. ते फार अल्प प्रमाणात प्रभावी असतात आणि स्वस्तही पडतात. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही, कारण मूळ झाडांवरचा ताण त्यांनी हलका केला आहे. पण त्यांच्यात ती साय नसते. लाकडाची धारदार चमक असते, आणि लॅव्हेंडरशी त्यांची गाठ पडताना मऊ होण्याऐवजी दोघेही एकमेकांवर आवाज चढवतात. मैत्रिणीला मी सांगितले की तिच्या बाटलीत खोट नाही, फक्त तिने ती अंगाऐवजी कपड्यावर फवारावी.

कारण कापडाचा अनुभव त्वचेपेक्षा अगदी निराळा आला. सोलापुरात सुती टॉवेल आणि चादरी यांची कधी वानवा नसते. जाड, पिळाच्या सुताच्या टॉवेलच्या कडेला मी दोन्ही मिश्रणे लावून सावलीत टांगले. अंगाची ऊब नाही आणि धाग्यांच्या आत तेल मुरायला जागा आहे, त्यामुळे लॅव्हेंडर दुसऱ्या दिवशी सकाळीही पुसटसे येत होते. ओढणीच्या आतल्या टोकाला लॅव्हेंडर आणि कोपराच्या खोबणीत चंदन, अशी विभागणी केली तर चालताना दोघे अधूनमधून भेटतात. एकाच थरातील तो गवत-सायीचा टप्पा मिळत नाही, पण दिवस निघतो. पांढऱ्या कपड्यावर तेलाचा थेंब थेट टाकू नये, पिवळसर डाग पडतो आणि तो धुऊनही सहजी निघत नाही.

उरलेले लॅव्हेंडर मी लहान, गडद रंगाच्या कुप्यांत काठोकाठ भरून ठेवले आहे, म्हणजे आत हवेला जागा राहत नाही. मे महिन्यात घरातील कपाटही तापते, म्हणून त्या कुप्या फ्रीजच्या दारात असतात. चंदनाला एवढे लाड लागत नाहीत. ते अंधारात, घट्ट टोपणाखाली वर्षानुवर्षे राहते आणि बहुधा अधिक मऊ होते. फ्रीजमधील कुप्या दुधाच्या पिशवीपासून लांब ठेवाव्यात, ही सासूबाईंची अट मी तंतोतंत पाळते.